विकीचं ॲडमिनपण गळ्यात पडलं तेव्हा

"मॅडम, हे पान आम्हाला दिसायला पाहिजे का?"

टूलरूमच्या ट्रेनीने मोबाइल माझ्यापुढे धरला तेव्हा मी चहाचा पहिलाच घोट घेत होते. पानाचं शीर्षक ‘वेतनवाढ, कच्चा मसुदा’. खाली अख्ख्या टूलरूमची नावं आणि प्रत्येक नावापुढे टक्केवारी. पोरगा सरळ होता म्हणून मला येऊन सांगितलं तरी. पण मला सांगण्याआधी त्याने ते किती जणांना दाखवलं होतं, हे संध्याकाळी कॅन्टीनमध्ये कळलं.

नाशिकच्या एमआयडीसीतली सुटे भाग बनवणारी कंपनी, माझी पहिली नोकरी, रुजू होऊन जेमतेम दीड महिना. माझं खरं काम प्रिंटर, बिलिंगचं सॉफ्टवेअर आणि "नेट चालत नाहीये" हे फोन. आधीचा मुलगा नोकरी सोडताना एका सर्व्हरवर डोकुविकी (सगळ्यांनी मिळून पानं लिहायची कंपनीची आतली साइट) चालू करून गेला होता, तो "तुला जमेल गं" म्हणत माझ्याकडे आला. एचआरच्या मॅडमनी स्वतःचा वेगळा विभाग मागितला. मी तो बनवला, त्यावर त्यांच्या ग्रुपला परवानगी दिली आणि छातीठोकपणे सांगितलं, "झालं मॅडम, आता फक्त तुम्हालाच दिसेल."

त्या वाक्यातला ‘फक्त’ हा शब्द माझ्या मनचा होता. विकीला तो मी कधी सांगितलाच नव्हता.

डोकुविकी ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आंद्रेयास गोर या जर्मन प्रोग्रामरने २००४ मध्ये ती सुरू केली. तिला डेटाबेस लागत नाही. पानं म्हणजे साध्या टेक्स्ट फाइली आणि विभाग म्हणजे फोल्डर. परवानग्याही एका टेक्स्ट फाइलमध्येच असतात, एका ओळीत एक नियम: कुठे, कोणाला, किती. ‘किती’ आकड्यात लिहायचं. ० म्हणजे काहीच नाही, १ वाचणं, २ बदलणं, ४ नवं पान करणं, ८ फाइल चढवणं, १६ फाइल काढून टाकणं. वरच्या आकड्यात खालचे सगळे येतात. आमच्या फाइलमधल्या इथे कामाच्या अशा दोन ओळी त्या दिवशी या होत्या (खरी नावं रोमन लिपीत असतात, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत लिहिते):

* @ऑल १
एचआर:* @एचआर ८

पहिली ओळ म्हणजे अख्खी विकी सगळ्यांनी वाचावी. ती आधीच्या मुलाने इन्स्टॉल करताना ‘सार्वजनिक’ हा पर्याय निवडला त्यातून आलेली. दुसरी माझी. आता तो ट्रेनी पान उघडतो, लॉगिनही न करता. विकी आधी नेमक्या त्या पानासाठी काही नियम आहे का बघते. नाही. मग पान ज्या विभागात आहे त्या विभागाच्या नियमात ह्या माणसाला लागू पडणारं काही आहे का बघते. तिथे एकच ओळ आहे, एचआर ग्रुपची. हा त्या ग्रुपात नाही, म्हणजे ती ओळ त्याच्यासाठी नसल्यातच जमा. मग विकी एक पायरी वर जाते, थेट मुळाशी, आणि तिथे लिहिलेलं असतं: सगळ्यांना वाचता येईल. संपलं.

एकाला किल्ली दिली म्हणून दार आपोआप बंद होत नाही. त्यासाठी वेगळी ओळ लागते:

एचआर:* @ऑल ०

मला तेव्हा भीती वाटली की आता एचआरच्या मॅडमही बाहेर राहतील, कारण ‘ऑल’मध्ये त्याही आल्याच की. तसं होत नाही. एकाच पायरीवर एका माणसाला दोन नियम लागू झाले तर त्यातला मोठा आकडा चालतो. मॅडमना ० पण लागू आणि ८ पण लागू, म्हणून ८. ट्रेनीला फक्त ०. आणि त्याच पायरीवर उत्तर सापडल्यामुळे विकी वर मुळाशी जातच नाही.

नव्याने हे काम अंगावर आलेल्यांनी या दोन गोष्टी वहीत लिहून घ्याव्यात: पानापासून वर चढत जायचं, जिथे पहिलं उत्तर मिळेल तिथे थांबायचं, आणि एका पायरीवर अनेक उत्तरं असतील तर सगळ्यात उदार उत्तर खरं. मी आजही कोणी "मला दिसत नाही" किंवा "त्याला कसं दिसतंय" म्हणालं की कागदावर तीन पायऱ्या काढते आणि त्या माणसाचे ग्रुप शेजारी लिहिते. ॲडमिनच्या पानावर परवानग्यांचा झाडासारखा तक्ता दिसतो, तोही चांगला आहे, पण कागदावर केल्याशिवाय माझी खात्री पटत नाही.

दुसरा नियम उलटूनही चावतो. ठेकेदाराची माणसं आली, त्यांनाही लॉगिन हवं होतं. त्यांनी प्रोसेस शीट बघाव्यात पण रेटचा विभाग बघू नये, असं ठरलं. मी ‘ठेका’ नावाचा ग्रुप केला आणि रेटच्या विभागावर त्याला ० दिला. तरी त्यांना रेट दिसतच राहिले. कारण नवा वापरकर्ता केला की विकी त्याला ‘यूजर’ या नेहमीच्या ग्रुपात टाकते, आणि रेटच्या विभागावर ‘यूजर’ला १ होता. ० आणि १ मध्ये १ मोठा. एखाद्या ग्रुपला शून्य दिलं म्हणून त्यातला माणूस अडतोच असं नाही, त्याच पायरीवर त्याच्या दुसऱ्या एखाद्या ग्रुपला हक्क असेल तर तो तिथून आत येतोच. उपाय साधा होता, त्यांना ‘यूजर’मधून काढून फक्त ‘ठेका’त ठेवणं. पण तो सुचायला माझा एक रविवार गेला.

माझ्याबरोबर शिकलेल्या काही जणांना वाटायचं की विकी म्हणजे विकिपीडिया, तेव्हा तिथलं कळलं की सगळीकडचं कळलं. तसं नाही. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, तिथे हक्क मुख्यतः कामाला चिकटलेले असतात: कोण पान हटवू शकतं, कोण सुरक्षित करू शकतं, कोण दुसऱ्याला अडवू शकतं. मराठी विकिपीडियावर प्रचालक म्हणतात ते अशाच हक्कांच्या एका गठ्ठ्याचं नाव. इंग्रजी विकिपीडियावर ४ दिवस आणि १० संपादनं झाली की खात्याला आपोआप थोडे जास्त हक्क मिळतात, कोणी द्यावे लागत नाहीत. पण ‘हे पान ह्याने वाचावं आणि त्याने वाचू नये’ यासाठी मीडियाविकी बनलेलीच नाही, आणि तिचं स्वतःचं माहितीपत्रकही तसं स्पष्ट बजावतं. डोकुविकीत हक्क जागेला चिकटतात. पगाराची पानं ठेवायची असतील तर कुठली विकी घ्यायची याचं उत्तर यातच आहे. माझं विचाराल तर पगाराची पानं विकीवर ठेवूच नयेत. पण एचआरसमोर हे बोलायला तेव्हा माझी नोकरी नवी होती.

ग्रुपांबद्दल एक गंमत. डोकुविकीत ग्रुप ‘बनवायचा’ असा वेगळा प्रकारच नाही, ग्रुपांची यादीही कुठे नसते. वापरकर्त्यांच्या फाइलमध्ये माणसाच्या ओळीच्या शेवटी ग्रुपांची नावं स्वल्पविराम देऊन लिहिलेली असतात, बस. म्हणजे नाव लिहिताना चूक झाली तर विकी तक्रार करत नाही, नव्या नावाचा नवा ग्रुप गुपचूप जन्माला येतो. आमचे स्टोअर इनचार्ज, ज्यांना सगळे काका म्हणत, त्यांनी चार दिवस फोन केले. "पोरी, मला अजून ते बटण येत नाही गं. चष्मा बदलू का?" शेवटी मी खाली त्यांच्या टेबलाशी गेले. त्यांच्या नावापुढे ‘स्टोअर’ होतं, नियमात ‘स्टोअर्स’. काकांचा चष्मा बरोबर होता.

अशीच एक अडचण फाइल हाताने लिहिण्यात आहे. ग्रुपच्या नावात अंडरस्कोर किंवा डॅश असेल तर परवानगीच्या फाइलमध्ये तो जसाच्या तसा चालत नाही, टक्क्याचं चिन्ह आणि दोन अक्षरी संकेत असा लिहावा लागतो. पडद्यावरून नियम केला तर विकी ते स्वतः करते. नोटपॅडमध्ये केला तर नियम दिसतो अगदी बरोबर आणि लागू मात्र होत नाही. तेव्हापासून आमच्याकडे ग्रुपचं नाव एकच शब्द, बिनचिन्हाचा.

१६ चा अर्थही नीट समजून घ्या. तो फक्त चढवलेल्या फाइली काढण्याचा हक्क आहे. पान पुसायला २ पुरतो, कारण पानातला सगळा मजकूर काढून सेव्ह केलं की पान गेलं. एकदा रात्रपाळीच्या सुपरवायझरने मशीनच्या सेटिंगचं पान असंच कोरं केलं आणि सकाळी प्रॉडक्शनवाले माझ्यावर चालून आले, "सगळ्यांची एडिट बंद कर!" मी जुनी आवृत्ती उघडली, सेव्ह केली, दोन मिनिटांत पान जागेवर. पानांना मागच्या आवृत्त्या असतात म्हणून तिथे मी सढळ हाताने २ आणि ४ देते. कुलपं घालत बसलं तर लोक लिहायचं सोडतात आणि पुन्हा व्हॉट्सॲपवर ड्रॉइंगचे फोटो फिरू लागतात. १६ देताना मात्र हात आखडता.

फाइलींचं आणखी एक. पानात फोटो किंवा पीडीएफ जोडली तर तिची परवानगी त्या पानावरून ठरत नाही, ती फाइल ज्या विभागात चढवली त्यावरून ठरते. एचआरच्या कुलूपबंद पानात जोडलेली पगारपत्रकाची स्कॅन कॉपी मला एकदा मुळाच्या फोल्डरमध्ये सापडली, जिथे सगळ्यांना वाचायला मोकळं रान. आणि विभागाचं नाव! वाचायची परवानगी नसली तरी सूचीत विभागाचं नाव दिसतं. ‘शिस्तभंग’ नावाचा विभाग सूचीत झळकला की आत काय आहे हे वाचायची कोणाला गरज पडत नाही. ती नावं लपवायची सेटिंग आहे, ती चालू करा. पण एक लक्षात ठेवा: लपवलेल्या विभागाच्या पोटात एखादा मोकळा विभाग असेल तर तोही सूचीतून गायब होतो.

मराठी नावांचं वेगळंच. डोकुविकी देवनागरी पानं आनंदाने घेते, पण फाइलचं नाव साठवताना मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक चिन्हाची टक्क्याची चिन्हं, रोमन अक्षरं आणि आकडे मिळून नऊ अक्षरं करते. लिनक्सवर फाइलच्या नावाची मर्यादा बहुधा २५५ बाइट. म्हणजे काना-मात्रा धरून पंचवीस-सव्वीस चिन्हांतच गाडी अडते, आणि ‘मशीन बंद पडल्यास करावयाची कार्यवाही’ हे नाव बसत नाही. सेटिंग यूटीएफ-८ (म्हणजे नाव देवनागरीतच साठवणं) करता येते, फक्त ती पहिलं पान लिहिण्याआधी करा. नंतर बदलली तर जुन्या फाइली सापडत नाहीत.

सर्व्हरचे लॉग, म्हणजे कोणी काय मागितलं याच्या नोंदी, बघत होते तेव्हा एकदा घाम फुटला. कोणीतरी विकीच्या डेटा फोल्डरमधली एक चित्रफाइल मागत होतं आणि तिला नकार मिळत होता. फाइलचं नाव ओळभर लांब. नीट वाचलं तर नावाचाच अर्थ असा: लॉगमध्ये हे दिसलं तर घाबरू नका, फोल्डरच्या परवानग्या बरोबर आहेत. डोकुविकी स्वतःच, ॲडमिनचं पान उघडलं की, ही चाचणी घेते. चित्र मिळालं तर मात्र घाबरायचं, कारण मग फोल्डर उघडं आहे आणि वर लिहिलेले सगळे नियम वळसा घालून कोणीही पानं वाचू शकतं. विकी अपाचे या वेब सर्व्हरवर असेल तर सोबत येणाऱ्या फाइलींमुळे सहसा हे आपोआप बंद असतं. एनजिनएक्स या दुसऱ्या वेब सर्व्हरवर चालवत असाल तर तो अडसर तुम्हालाच लिहावा लागतो.

परवानगी तपासताना स्वतःच्या लॉगिनने तपासू नका. सुपरयूजरला, म्हणजे ॲडमिन ग्रुपातल्या माणसाला, कुठलाच नियम लागत नाही, त्याला सगळं दिसतं, आणि नेमकं म्हणूनच एचआरचं पान उघडं आहे हे मला तेव्हा इतके दिवस कळलं नाही. मी प्रत्येक ग्रुपाचा एक खोटा वापरकर्ता ठेवलाय. नियम बदलला की ब्राउझरच्या खासगी खिडकीत एकदा बिनलॉगिनचं आणि एकदा त्या खोट्या माणसाचं पान उघडून बघते.

माणसाच्या नावाने नियम लिहू नका, ग्रुपच्या नावानेच लिहा. कोणी नोकरी सोडून गेलं की वापरकर्ता काढला जातो, त्याच्या नावाचा नियम तसाच पडून राहतो. पुढे त्याच लॉगिनचा नवा माणूस आला की त्याला ती जुनी किल्ली फुकट मिळते. आमच्याकडे आडनावावरून लॉगिन देतात, आणि पाटील तर दर वर्षी एक येतोच.

सुपरयूजर दोन असू द्या. मी एकदा साफसफाई करताना स्वतःलाच ॲडमिन ग्रुपातून काढलं होतं. त्या दिवशी दुसरा सुपरयूजर नव्हता. सर्व्हरवर जाऊन वापरकर्त्यांची फाइल उघडली, माझ्या ओळीच्या शेवटी स्वल्पविराम देऊन ॲडमिन लिहिलं आणि सेव्ह केलं. एचआरच्या मॅडम तेव्हा नेमक्या मागे उभ्या होत्या. "एवढंच असतं होय?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सर्व्हर रूमची किल्ली कोणाकोणाकडे आहे याची यादी मागितली.