मल्टी-टूल घेताना आधी खिसा बघा
मल्टी-टूल म्हणजे एकाच मुठीत मिटणारी अनेक अवजारं; ती जितकी जास्त तितकं वजन जास्त, आणि जड मल्टी-टूल चार दिवसांत खिशातून ड्रॉवरमध्ये जातं. पक्कड असलेलं मोठं मॉडेल सहज 200 ग्रॅमच्या पुढे जातं. 58 मिलिमीटर लांबीचा व्हिक्टोरिनॉक्स क्लासिक हा छोटा स्विस चाकू मात्र किल्ल्यांच्या जुडग्यात जाणवतही नाही. रोज लागतात त्या कात्री, छोटं पातं आणि स्क्रू ड्रायव्हर. (करवत, खरं सांगा, कधी वापरणार?) पक्कड खरंच लागत असेल तरच मोठं घ्या. पातं उघडल्यावर लॉक होतं का, तेही पाहा; नाहीतर जोर लावताना ते बोटांवर मिटू शकतं. बिजागरीत अडकलेला खिशातला कचरा जुन्या टूथब्रशने काढून तेलाचा एक थेंब सोडा. विमानप्रवासात ते चेक-इन सामानात टाका, केबिन बॅगेत नको.