लाफोइंशच्या पद्धतीने भाजलेले वासराचे मांस घरच्या ओव्हनमध्ये कसे करावे

पोर्तुगालच्या व्हिझेउ जिल्ह्यात, वोझेला आणि साँव पेद्रु दु सुल यांच्या आसपासच्या लाफोइंश परिसरात हे मांस मातीच्या भांड्यात, लाकडाच्या भट्टीत भाजतात. शहरी घरात भट्टी नसली तरी भांडे जाड मातीचे किंवा बिडाचेच असावे. पातळ ट्रेमध्ये रस तळाला लागतो.

खांद्याचे किंवा छातीकडचे, हाडासकट सुमारे २ किलो मांस घ्यावे. मांडीचा देखणा, बिनचरबीचा तुकडा कोणी कितीही आग्रहाने पुढे केला तरी घेऊ नये, कारण तीन तासांनंतर तो चोथ्यासारखा होतो.

आदल्या रात्री ८ लसूणपाकळ्या, दीड मोठा चमचा मीठ, १ मोठा चमचा गोडी पाप्रिका (बिनतिखट लाल मिरचीची पूड) आणि ५० ग्रॅम डुकराची चरबी एकत्र वाटून मांसाला चोळावी. २ तमालपत्रे घालून ३०० मिलिलिटर पांढरी वाइन भांड्याच्या कडेने ओतावी आणि भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. वाइन-लसणाच्या अशा मुरवणीला पोर्तुगीजमध्ये ‘व्हिन्या दाल्युश’ म्हणतात. गोव्यातल्या विंदालूचे नाव त्यावरूनच आले, मात्र तिथे वाइनची जागा व्हिनेगरने घेतली.

आता खरी परीक्षा, म्हणजे भांड्यातला रस. पहिल्या खेपेला मी ‘भरपूर पाणी म्हणजे मऊ मांस’ हा सल्ला मानला आणि माझ्या वाट्याला उकडलेले, फिके मांस व पातळ रस्सा आला. दुसऱ्या खेपेला चिडून पाणी टाळले, तेव्हा रस आटला, पाप्रिका करपली आणि सगळ्याला असा कडूपणा आला की भांडेच रिकामे करावे लागले. यावर एकच उपाय आहे: तळाशी कांद्याचे जाड काप पसरून त्यावर मांस ठेवावे, मुरवणीची वाइन व १०० मिलिलिटर ऑलिव्ह तेल बाजूने घालावे आणि रस बोटाच्या एका पेराएवढाच राहील याकडे लक्ष द्यावे. मांस रसात बुडता कामा नये.

झाकण लावून १६० अंशांवर दोन तास भाजावे. दर अर्ध्या तासाने मांस उलटून तळाचा रस चमच्याने वर घालावा. रस कमी वाटला तर उकळते पाणी थोडे थोडे, तेही कडेनेच घालावे. मांसावर ओतले की रात्रभर मुरलेला मसाला धुऊन जातो. हे काम कंटाळवाणे आहे आणि ते टाळण्याची युक्ती सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. खांद्यातले चिवट तंतू सावकाश विरघळून रसाला चिकटपणा देतात. आच वाढवून ही वेळ वाचत नाही, मांस मात्र आक्रसते.

दोन तासांनी झाकण काढून अर्धे कापलेले बटाटे रसात घोळवून ठेवावेत व आणखी पाऊण तास भाजावे. शेवटची २० मिनिटे २१० अंश. या वेळी ओव्हनसमोरून हलू नये, कारण पाप्रिका काळी पडायला दोन मिनिटेही पुरतात.

महाराष्ट्रात कायद्यामुळे वासराचे मांस मिळत नाही. तिथे कोवळ्या बोकडाचा खांदा घ्यावा. पोर्तुगालमध्ये करडूही असेच भाजतात. मात्र तुकडा लहान असल्यास झाकणाखालची वेळ अर्ध्या तासाने कमी करावी.

हाड ओढल्यावर सहज सुटले की मांस झाले. ते १५ मिनिटे तसेच ठेवून मग कापावे. वर आलेले तेल काढून उरलेला रस बटाट्यांवर न ओतता वेगळ्या वाटीत द्यावा, म्हणजे त्यांची खरपूस कड मऊ पडत नाही.