जुन्या डिझेल इंजिनाचे टायमिंग गिअर बसवताना या चुका टाळा

इंजिन सकाळी सुरू व्हायला रडवतंय, पांढरा धूर टाकतंय, की जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतोच, "टायमिंग सरकलं असणार." टायमिंग म्हणजे वाल्व्ह उघडण्याची आणि डिझेल पडण्याची वेळ. पण गिअरवर चालणाऱ्या इंजिनाचं टायमिंग बसल्या जागी दातभर सरकत नाही. ढिला बेल्ट उडी मारतो. एकमेकांत अडकलेले लोखंडी दाते उडी मारत नाहीत. पुढचं कव्हर कुणी उघडलंच नसेल, तर आधी डिझेलच्या लाइनमधली हवा, फिल्टर, डिझेल फवारणारं नोझल आणि कॉम्प्रेशन बघा. फार तर डिझेल पंपाचे नट ढिले होऊन पंप त्याच्या लांबट भोकांत फिरलेला असतो, नाहीतर गिअरला दांड्यावर धरून ठेवणारी चावी तुटलेली असते. दात चुकतो तो आपल्याच हातून, इंजिन बांधताना.

आणि एक दात म्हणजे थोडंथोडकं नाही. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे, दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा, म्हणजे वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचा, एक होतो, म्हणून क्रँक गिअरला २८ दाते असतील तर कॅम गिअरला ५६. यात एक दात चुकला की क्रँकच्या हिशेबाने जवळपास १३ अंशांचा फरक पडतो. डिझेलमध्ये वर आलेला पिस्टन आणि हेड यांच्यात जागा जेमतेम असते, त्यामुळे वाल्व्ह पिस्टनवर आपटून पुशरॉड, म्हणजे कॅमचा धक्का वर नेणारी सळई, वाकू शकतो. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाही. संध्याकाळची वेळ, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, बॅटरीच्या उजेडात गिअरची खूण जुळवली आणि थेट स्टार्टर मारला. दोन पुशरॉड गेले. तेव्हापासून हाताने पूर्ण दोन फेरे फिरवल्याशिवाय मी स्टार्टरला हात लावत नाही. फिरवताना कुठे कडक अडलं, तर पान्याला पाइप लावून जोर करायचा नाही. थांबायचं आणि का अडलं ते शोधायचं.

कॅम आणि क्रँक यांचा संबंध सुटलेला असताना कॅम किंवा क्रँक एकटाच फिरवू नका. हेड बसवलेलं असेल तर आधी वाल्व्ह दाबणारे रॉकर ढिले करा, म्हणजे सगळे वाल्व्ह मिटलेले राहतात.

आयडलरच्या खुणांचा घोळ

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, आणि गंमत म्हणजे काम बरोबर केल्यावर फसतात. जुन्या पर्किन्स घराण्यातल्या ट्रॅक्टर इंजिनांमध्ये क्रँक आणि कॅम यांच्यामध्ये आयडलर गिअर असतो. तिन्हींच्या खुणा जुळवल्या, बोल्ट आवळले, खात्रीसाठी दोन फेरे मारले, आणि बघतो तर आयडलरच्या खुणा भलतीकडेच! माणूस घाबरतो, आयडलर काढतो आणि नीट बसलेलं टायमिंग स्वतःच मोडतो.

हिशेब करून बघा. धरा, क्रँकला २८ दाते, कॅमला ५६ आणि आयडलरला ६३. क्रँकच्या दोन फेऱ्यांत ५६ दाते पुढे सरकतात, म्हणजे आयडलरचा फेरा पुरा व्हायला ७ दाते कमी पडतात. असं नऊ वेळा झालं की सगळ्या खुणा पुन्हा एका ओळीत येतात, म्हणजे क्रँकच्या १८ फेऱ्यांनी. मधल्या काळात खुणा जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत.

मग खात्री कशी करायची? वाल्व्हवरून. फ्लायव्हीलची टीडीसीची, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतानाची, खूण समोर आणा आणि एक नंबरच्या रॉकरकडे बघा. एक्झॉस्ट मिटत आलाय आणि इनलेट नुकता उघडू लागलाय, असं दिसलं तर कॅम जागेवर आहे. तिथून क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा मारला की एक नंबरचे दोन्ही रॉकर सैल लागतात. हा कॉम्प्रेशनचा टीडीसी.

हे दोन टीडीसी न ओळखल्यामुळे पंप उलटा बसतो. फ्लायव्हीलची खूण दोन्ही वेळा सारखीच समोर येते, ती काही बोलत नाही. एक्झॉस्टच्या टीडीसीवर पंप जुळवला तर डिझेल पूर्ण एक फेरा चुकून पडतं. मग कितीही स्टार्टर मारा, धूर येईल, इंजिन पकडणार नाही.

खुणांबद्दल आणखी एक. पाच मिस्त्र्यांच्या हाताखालून गेलेल्या इंजिनात पाच जणांनी पंचने ठोकलेल्या खुणा असतात. गिअर डिझेलने स्वच्छ धुवा, कारखान्याची खूण कोणती ते पुस्तकातल्या चित्राशी ताडून बघा आणि तिच्यावर पांढरा रंग लावा. नवा पंच मारू नका.

पंपाचं बारीक टायमिंग बघताना शेवटची हालचाल नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने हवी. खूण ओलांडली म्हणून तेवढंच मागे आणलं, तर दातांमधली फट उलट्या बाजूला जाते आणि आकडा खोटा येतो. पाव फेरा मागे जा आणि पुन्हा पुढे या.

विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या इंजिनात बहुधा पंपाला वेगळा गिअर नसतो, कॅमशाफ्टच त्याला उचलतो. तिथे टायमिंग पंपाखालच्या शिमवर, म्हणजे पातळ चकतीवर, असतं: शिम वाढवली की डिझेल उशिरा पडतं, काढली की लवकर. पंप उतरवताना जुन्या शिमा कापडात पुसून फेकून देणारे हुशार मी पाहिलेत. फ्लायव्हीलवर अंशांच्या खुणा नसतील तर टेपने घेर मोजा. घेर १२६० मिमी असेल तर एक अंश म्हणजे ३.५ मिमी, आणि पुस्तकात टीडीसीआधी २३ अंश दिले असतील तर खूण ८० मिमीच्या आसपास येईल.

गिअर बरोबर आहेत हे वाल्व्हवरून एकदा ठरलं, तरी इंजिन कडक ठोकत असेल तर डिझेल लवकर पडतंय असं समजून पंप लांबट भोकांत किंचित मागे घ्या. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास असेल तर किंचित पुढे. त्यानेही फरक पडला नाही तर कव्हर पुन्हा उघडायचं नाही. नोझल काढून तपासायला पाठवा.