कॉलेज खेळाडूला एनआयएल डील आली की सही करायच्या आधी काय बघायचं

अमेरिकेत कॉलेजच्या खेळाडूंना 1 जुलै 2021 पासून स्वतःच्या नावावर, चेहऱ्यावर पैसे कमवता येतात, म्हणजे जाहिरात, इन्स्टा पोस्ट, ऑटोग्राफ वगैरे. यालाच एनआयएल (नेम, इमेज, लाइकनेस) म्हणतात. त्यामुळे आता अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराला कुणीतरी एजंट फोन करतो, एक आकडा सांगतो आणि घरातले सगळे त्या आकड्यातच अडकून बसतात.

आकडा सगळ्यात शेवटी बघा. आधी मुदत बघा आणि भविष्यातल्या कमाईबद्दल एक ओळ जरी दिसली तरी थांबा. गर्व्हॉन डेक्स्टर फ्लोरिडा युनिव्हर्सिटीकडून अमेरिकन फुटबॉल खेळायचा, 2022 मध्ये त्याने एका कंपनीकडून 4,36,485 डॉलर घेतले आणि बदल्यात एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) कमाईतले 15 टक्के, तेही टॅक्स कापायच्या आधीचे, 25 वर्षं द्यायचं कबूल केलं. म्हणजे एक कोटी डॉलर कमावले तर 15 लाख त्यांचे! पुढच्याच वर्षी तो एनएफएलमध्ये गेला आणि करार रद्द करा म्हणून कोर्टातही. माझ्या मते ही स्पॉन्सरशिप नाहीच, सरळसरळ सावकारी आहे.

मग बघा पैसे नक्की देणार कोण, आणि ते कागदावर आहे का. कोच प्रेमाने खांद्यावर हात ठेवून काय बोलला त्याला काही किंमत नाही. 2024 मध्ये यूएनएलव्हीचा (नेवाडा युनिव्हर्सिटी, लास व्हेगस) क्वार्टरबॅक, म्हणजे फुटबॉल टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू, मॅथ्यू स्लुका तीन मॅच जिंकून सीझनच्या मधेच निघून गेला, त्याच्या बाजूचं म्हणणं एक लाख डॉलर कबूल केले होते आणि मिळाले नाहीत, कॉलेज म्हणतं असं काही ठरलंच नव्हतं. लेखी नसलं की असंच होतं.

जुलै 2025 पासून कॉलेजंही थेट पैसे वाटू शकतात, पहिल्या वर्षाची मर्यादा कॉलेजमागे साधारण 2.05 कोटी डॉलर, पण त्यातला मोठा वाटा फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलला जातो, त्यामुळे पोहणाऱ्या किंवा टेनिसवाल्या पोरांनी त्यावर फार विसंबू नये. बाहेरची डील 600 डॉलर किंवा जास्तीची असेल तर एनआयएल गो या डील तपासणाऱ्या वेबसाइटवर नोंदवावी लागते, ते विसरू नका.

जास्त पैशांसाठी कॉलेज बदलायचं म्हणताय? 2024 पासून मार्क नीट असतील तर कितीही वेळा बदलता येतं, पण ट्रान्सफर पोर्टलमध्ये, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत, नाव टाकलं की जुनं कॉलेज पुढची स्कॉलरशिप काढून घेऊ शकतं, आणि सगळे क्रेडिट नवीन कॉलेज धरेलच असं नाही, मग डिग्री लांबते. कोणते क्रेडिट धरणार ते आधी लेखी मागा. करारात 'मधे सोडलं तर पैसे परत' असं कलम आहे का तेही बघून घ्या.

टॅक्स कुणी कापून देत नाही. इन्कम टॅक्स वेगळा, वर 15.3 टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स, म्हणजे नोकरी न करता स्वतः कमावणाऱ्यांचा टॅक्स. आलेल्या पैशातला तिसरा हिस्सा लगेच बाजूला काढा, एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या 15 तारखेला भरावा लागतो.

आणि पोरगं किंवा पोरगी एफ-1 व्हिसावर (परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा) असेल तर सगळंच वेगळं, कारण अमेरिकेत राहून पैसे घेऊन जाहिरात करणं हे काम धरलं जाऊ शकतं आणि व्हिसाच धोक्यात येतो. आधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आणि इमिग्रेशन वकिलाला विचारा, लेखी उत्तर येईपर्यंत फुकट मिळालेल्या बुटांचा फोटोसुद्धा टाकू नका.