पोस्टग्रेसच्या कमांड लाइनवर या चुका टाळा

गळीत हंगामात कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यात काट्यावरची पावती अडली, की बघता बघता ट्रॅक्टर-ट्रॉल्या गेटबाहेर रस्त्यावर येतात. सर्व्हर चालूच असतो. चालू शिफ्टमध्ये कुणीतरी पोस्टग्रेस डेटाबेसातल्या वजनाच्या टेबलवर 'व्हॅक्यूम फुल', म्हणजे टेबल साफ करून नव्याने लिहिणारी कमांड, सोडलेली असते.

ही चूक सर्वांत महागात पडते. 'व्हॅक्यूम फुल' चालू असताना त्या टेबलवर साधं 'सिलेक्ट'सुद्धा चालत नाही. शिवाय टेबलची नवी प्रत लिहिली जाते, म्हणून 40 जीबीच्या टेबलला तेवढीच मोकळी जागा लागू शकते. त्याहून वाईट म्हणजे ते सुरू होण्याआधीच खोळंबा करतं. कुणी 'बिगिन' करून (म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडून) त्या टेबलला हात लावला आणि 'कमिट' करून ते न मिटवताच जेवायला गेला, तर व्हॅक्यूम त्याच्यामागे थांबतं आणि नंतरची प्रत्येक क्वेरी व्हॅक्यूममागे. आधी 'लॉक टाइमआउट', म्हणजे टेबलच्या लॉकसाठी थांबायची मर्यादा, 5 सेकंदांवर ठेवा. रोजच्या सफाईला साधं व्हॅक्यूम पुरतं, ते नेहमीचं वाचन-लेखन अडवत नाही. 'फुल' लागलंच, तर हंगाम उरकल्यावर.

मोठं काम सोडण्याआधी दुसरी विंडो उघडून ठेवा. कोणतं सेशन काय करतंय ते दाखवणाऱ्या 'पीजी स्टॅट ॲक्टिव्हिटी'मधून पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), स्टेट, वेट इव्हेंट आणि क्वेरी मागवा. शेवटी सेमीकोलनऐवजी बॅकस्लॅश वॉच 5 लिहिलं, की दर 5 सेकंदांनी ताजं चित्र दिसतं. इथे बरेच जण फसतात: स्टेट 'आयडल' असेल तर समोर दिसते ती आधीच चालून गेलेली क्वेरी. शोधायचं ते 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडं ठेवून गप्प बसलेलं सेशन. कोण कुणाला अडवतंय ते 'पीजी ब्लॉकिंग पिड्स' सांगतं.

'आयडल इन ट्रान्झॅक्शन' सेशनवर 'पीजी कॅन्सल बॅकएंड' चालत नाही, कारण रद्द करायला चालू क्वेरीच नसते. तिथे सेशनच बंद करणारं 'पीजी टर्मिनेट बॅकएंड' हवं. लिनक्सवरून 'किल -9' मात्र कधीही नको. एका बॅकएंडपायी (एका कनेक्शनच्या प्रोसेसपायी) सगळी कनेक्शन तुटतात आणि सर्व्हर रिकव्हरीत जातो.

ऑफिसातून कारखान्याच्या सर्व्हरवर काम करताना 'टीमक्स' वापराच, लाइन तुटली तरी ते टर्मिनल सर्व्हरवर चालू ठेवतं. ते नसेल, तरी लाइन तुटल्यावर क्वेरी आत चालू असू शकते, म्हणून तीच पुन्हा सोडू नका. आधी ॲक्टिव्हिटी बघा.

टेबलवरचं लेखन न थांबवता इंडेक्स बांधणारं 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' मध्येच तुटलं, तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. तो क्वेरीला नोंदी शोधायला उपयोगी पडत नाही, पण प्रत्येक 'इन्सर्ट'वर भार टाकत राहतो. बॅकस्लॅश डी आणि टेबलचं नाव लिहून बघा, सापडला तर ड्रॉप करून नव्याने बांधा.