मुलाखतीत गोष्ट सापडेना, तेव्हा

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीवर (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यावर) केस स्टडी लिहिताना पहिली मुलाखत पार वाया गेली. ‘तुमच्या यशाचे रहस्य काय?’ या माझ्याच ढोबळ प्रश्नाला मालकांनी सत्कार समारंभात शोभेल असे उत्तर दिले. दुसऱ्या खेपेपूर्वी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावरून शुल्क भरून ३ वर्षांचे ताळेबंद मिळवले आणि त्यांत एकाच वर्षी वाढलेल्या कर्जावर बोट ठेवून विचारले, “हे कर्ज घ्यायचे ठरले, त्या आठवड्यात नेमके काय घडले?” मालक थबकले, मी (मोठ्या कष्टाने) गप्प राहिलो, आणि मग त्यांनी उठून कपाटातून जुनी डायरी काढली. सुपरवायझरांना वेगळे भेटल्यावर त्याच निर्णयाचे कारण निराळे निघाले. दोघांच्या लेखी संमतीने मसुद्यात दोन्ही कारणे ठेवली.