अधूनमधून जमीन साफ करण्यासाठी चेनसॉ कसा निवडायचा

चेनसॉ घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, किती सीसीचा घेऊ, आणि दुसरा म्हणजे बार, म्हणजे ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते ती, किती इंचाचा. विचारायलाच हवेत हे प्रश्न, पण ज्याला वर्षातून चार-सहा दिवसच काम आहे, म्हणजे माजलेली झुडपं काढायची, वाळलेलं एखादं झाड उतरवायचं, वादळात पडलेल्या फांद्या तोडून वाट मोकळी करायची, त्याच्यासाठी त्याआधीचा एक मुद्दा आहे. तुमचा चेनसॉ वर्षातले साडेतीनशे दिवस नुसता पडून असणार. रोज लाकूड कापणाऱ्याचं मशीन चालून चालून झिजतं आणि आपल्यासारख्यांचं पडून पडून बिघडतं. त्यामुळे मी तर भरवशाचा चेनसॉ त्यालाच म्हणतो जो सहा महिन्यांनी काढला तरी पाच-सहा ओढींत सुरू होतो आणि काही बिघडलंच तर ज्याचा पार्ट आठवड्याभरात मिळतो. पुढचं सगळं याच हिशोबाने वाचा.

आधी जमिनीवर एक चक्कर मारून या आणि काय काय कापायचंय ते डोळ्यांनी बघा. बोटाएवढी, अंगठ्याएवढी झुडपंच जास्त असतील तर त्याला चेनसॉ लावू नका, बारीक काड्या चेनमध्ये अडकतात, चाबकासारख्या अंगावर येतात आणि चेन बारवरून उतरते ती वेगळीच. ते काम कोयत्याचं, नाहीतर पातं लावलेल्या ब्रश कटरचं. चेनसॉचं काम मनगटाच्या जाडीपासून पुढे सुरू होतं. बहुतेकांची खोडं २०-३० सेंटीमीटरच्या आतबाहेर असतात आणि त्याला ३५ ते ४५ सीसीचं इंजिन आणि १४ किंवा १६ इंचाचा बार भरपूर झाला. नेहमीच्या खोडापेक्षा बार दोन इंच लांब असला की पुरे, एखादं जाड खोड आलंच तर दोन्ही बाजूंनी कापता येतं. लांब बार घेऊन लोक फसतात कारण इंजिनला तेवढी जास्त चेन ओढावी लागते, धार लावायला दाते वाढतात आणि पलीकडचं टोक कुठे लागतंय ते दिसत नाही. ४०-५० सेंटीमीटरची कडक लाकडाची खोडं खरोखरच बरीच असतील तर ५० सीसीकडे जा, नाहीतर नको.

सीसीपेक्षा किलोवॅट बघायची सवय लावा. चांगल्या कंपनीचं ४० सीसीच्या आसपासचं मशीन १.६ ते २ किलोवॅट देतं, ४५-५० सीसीचं साधारण सव्वादोनच्या पुढे. स्वस्तातल्या कॉपी मशीनवर ५८ सीसी वगैरे मोठा आकडा छापलेला असतो, पण स्टिकरवरचं सीसी आणि आतलं सीसी दर वेळी जुळतंच असं नाही. वजनाचंही तसंच, कॅटलॉगमध्ये दिलेलं वजन बहुतेक वेळा बार, चेन, पेट्रोल आणि ऑईल सोडून असतं, म्हणजे हातात येईल तेव्हा किलो-सव्वा किलो जास्तच धरा. दुकानात मशीन उचलून दोन मिनिटं कमरेच्या उंचीवर धरून उभं राहा, तेवढ्यात हात भरून आले तर दोन तासांच्या कामात काय होईल याचा विचार करा, कारण थकलेल्या हातात चेनसॉ धोक्याचा असतो.

आता पेट्रोल की बॅटरी. पडून राहणाऱ्या मशीनच्या बाबतीत बॅटरीवाल्याची बाजू मजबूत आहे हे मी मनापासून मान्य करतो. कार्बोरेटर नाही, शिळं पेट्रोल नाही, दोरी ओढायची नाही, ट्रिगर दाबला की चालू. पण चार्ज किती टिकतो ते नीट समजून घ्या. व्होल्टला अँपिअर-अवरने गुणलं की वॅट-अवर मिळतात, म्हणजे ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवरची बॅटरी झाली १८० वॅट-अवर, आणि जाड लाकडात मशीन दीड किलोवॅट खेचत असेल तर हिशोबाने सलग सात मिनिटांचंच कापणं. प्रत्यक्षात माणूस कापतो, सरकतो, फांदी ओढतो, त्यामुळे काम बरंच लांबतं, पण तरी दुसरी बॅटरी हवीच. घराजवळचं काम, मध्यम जाडीची लाकडं, चार्जिंगची सोय, असं असेल तर बिनधास्त बॅटरीवाला घ्या, आणि ठेवताना बॅटरी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण उतरलेली न ठेवता साधारण अर्धी भरलेली, गार जागी ठेवा. लांबची जमीन, जवळपास लाईट नाही, दिवसभराचं काम, मग मात्र पेट्रोलच.

पेट्रोल घेतलंत तर आता सांगतो ते जरा लक्ष देऊन वाचा. चेनसॉचा कार्बोरेटर मोटरसायकलसारखा फ्लोटवाला नसतो. मशीन आडवं, उलटं कसंही धरलं तरी चालायला हवं म्हणून त्यात पातळ रबरी पडदा असतो, त्याला डायफ्रॅम म्हणतात, आणि तो मऊ असेल तरच पेट्रोल नीट खेचलं जातं. टाकीत मिक्स पेट्रोल, म्हणजे टू स्ट्रोक ऑईल मिसळलेलं पेट्रोल, तसंच सोडलं की हलका भाग उडून जातो, मागे चिकट थर राहतो, पेट्रोलमध्ये इथेनॉल असेल तर ते हवेतलं पाणी ओढतं, आणि पडदा कडक होतो. माझ्या पहिल्या चेनसॉचं नेमकं हेच झालं. आठ महिने टाकीत पेट्रोल ठेवून दिलं होतं, बाहेर काढला आणि खांदा दुखेपर्यंत दोरी ओढली, प्लग बदलला, काही नाही. शेवटी कार्बोरेटर उघडला तर पडदा जुन्या प्लास्टिकच्या कागदासारखा कडक झालेला, बोटाने दाबला तर टिक्-टिक् आवाज करत होता, आणि टाकीतल्या नळीला हात लावला तर तिचा तुकडाच हातात आला. कार्बोरेटरचं नवीन किट, म्हणजे नव्या पडद्याचा सेट, आणि नळी टाकल्यावर तेच मशीन दुसऱ्या ओढीला सुरू झालं. तेव्हापासून काम संपलं की टाकी रिकामी करतो, मशीन चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू देतो आणि मगच ठेवतो. मिक्स केलेलं पेट्रोल महिनाभराच्या आत संपवा, जेवढं लागेल तेवढंच बनवा. प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच. ५०:१ असेल तर १ लिटरला २० मिली टू स्ट्रोक ऑईल, ४०:१ असेल तर २५ मिली. अंदाजाने ओतू नका, मापाची बाटली घ्या. आणि नुसतं पेट्रोल चुकूनही घालू नका, कारण या इंजिनला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑईलमधूनच, ते नसेल तर पिस्टन काही मिनिटांतच जाम होऊ शकतो.

मशीन निवडताना याचा उपयोग असा, की दुकानदाराला मॉडेल नंबर सांगून विचारा, याचं कार्बोरेटर किट, एअर फिल्टर, स्टार्टरची स्प्रिंग आणि चेनला तेल देणारा ऑईल पंप मिळतो का, आज स्टॉकमध्ये आहे का. नुसतं हो म्हणाला तर समोर ठेवायला सांगा. स्टिल, हस्कवर्ना, एको, मकिता अशा जुन्या नावांचा मुख्य फायदा मला हाच वाटतो, मॉडेल बंद झालं तरी पार्ट बरीच वर्षं मिळत राहतात. तरीसुद्धा तुमच्या जवळ ज्या कंपनीचा चांगला मेकॅनिक बसतो ती कंपनी तुमच्यासाठी चांगली, मग नाव जरा कमी मोठं असलं तरी चालेल. प्रोफेशनल मॉडेलची बॉडी मॅग्नेशियमची असते, ती उघडून दुरुस्त करायला सोपी आणि वर्षानुवर्षं टिकणारी, घरगुती मॉडेलमध्ये प्लास्टिक जास्त असतं. वर्षातून सहा दिवसांसाठी घरगुती मॉडेल पुरतं. फक्त हँडल आणि इंजिनमध्ये स्प्रिंगवालं अँटी व्हायब्रेशन असेल तर ते घ्या, संध्याकाळी बोटांना फरक कळतो.

आता चेन. इंजिनवर लोक तासभर बोलतात आणि चेनवर एक वाक्य नाही, पण लाकूड कापते ती चेन. आजच्या चेनची कल्पना अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये लाकूडतोडीचं काम करणाऱ्या जो कॉक्सला १९४६ मध्ये सुचली. लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी आपल्या दोन वाकड्या जबड्यांनी एकदा डावीकडे एकदा उजवीकडे असं कुरतडत लाकडात आडवी-उभी कशीही आरामात घुसते हे त्याने पाहिलं आणि तसेच डावे-उजवे दाते चेनवर बसवले. तुमची चेन हातात घेऊन बघा, अजूनही तेच आहे. दाता रंध्यासारखा लाकूड सोलतो आणि त्याच्यापुढचा छोटा उंचवटा किती खोल सोलायचं ते ठरवतो. म्हणून धारदार चेन छिलके उडवते आणि बोथट चेन पिठासारखा भुसा. भुसा बारीक पडायला लागला, मशीन दाबावं लागायला लागलं की थांबायचं आणि कानस काढायची.

जमीन साफ करताना खोडांना माती लागलेली असते, बुंधा जमिनीलगत कापावा लागतो, आणि मातीला चेन एकदा लागली की धार गेलीच. म्हणून अशा कामाला सेमी चिझल चेन घ्या, तिच्या दात्याचा कोपरा गोलसर असतो, कापते थोडी हळू पण मळक्या लाकडात धार जास्त टिकते. टोकदार कोपऱ्याची फुल चिझल स्वच्छ लाकडाला छान. चेन बदलताना तीन गोष्टी जुळायला लागतात, पिच (चेनच्या कड्यांमधलं अंतर), गेज (बारच्या खाचेत बसणाऱ्या भागाची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची (त्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दात्यांची) संख्या, पहिल्या दोन बारवर कोरलेल्या असतात, तिसरी बारवर नसेल तर लिंक मोजून घ्या. घेतानाच एक जादा चेन आणि योग्य मापाची गोल कानस घ्या, ३/८ इंच लो प्रोफाईल पिचला ४ मिलीमीटर आणि ०.३२५ इंच पिचला ४.८ मिलीमीटर. कानस फक्त पुढे ढकलायची, मागे घासत आणायची नाही, बऱ्याच चेनना कोन ३० अंशांचा असतो, आणि प्रत्येक दात्याला सारखेच तीन-चार हात मारायचे, नाहीतर मशीन कापताना एका बाजूला ओढत जातं. धार आली का ते असं बघा, दाता उजेडाकडे धरा, कडेवर पांढरी चकाकणारी रेघ दिसत असेल तर अजून बोथट आहे. रेघ दिसेनाशी झाली की धार आली. हे एकदा डोळ्यांना कळलं की तुम्ही कुणावर अवलंबून राहत नाही.

सेफ्टीच्या बाबतीत मी काटकसर ऐकूनच घेत नाही. पुढच्या गार्डला जोडलेला चेन ब्रेक, तुटलेली चेन अडवणारा चेन कॅचर, आणि मागे तळहाताने दाबल्याशिवाय ट्रिगर दबू न देणारं लॉक, यातलं एकही नसेल तर ते मशीन ठेवून द्या. बारच्या टोकाचा वरचा कोपरा कशाला टेकला की बार झटक्यात वर तुमच्या चेहऱ्याकडे येतो, हाच किकबॅक, आणि पूर्ण वेगात चेन सेकंदाला साधारण २० मीटर पळत असते, म्हणजे हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. कमी किकबॅकवाली चेन मागा. मशीनच्या बजेटमधूनच हेल्मेट, जाळी किंवा गॉगल, कानाचे मफ, बूट आणि मांडीवर घालायचे चॅप्स यांचे पैसे आधी बाजूला काढा. चॅप्समधले लांब धागे चेनमध्ये गुंतून ती थांबवतात, पण ताकदवान इलेक्ट्रिक मशीन कधीकधी त्यालाही जुमानत नाही, तेव्हा चॅप्स घातले म्हणून बिनधास्त होऊ नका. पेट्रोल चेनसॉचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो आणि ८५ च्या वर तासन्‌तास राहिलं तरी कान खराब होतात. आणि खांद्याच्या वर कापायचं नाही, शिडीवर चढून तर नाहीच.

जुना घेत असाल तर सुरू करायच्या आधी सायलेन्सरला हात लावून बघा. गरम असेल तर तुम्ही यायच्या आधीच चालवून ठेवलाय, थंड झाल्यावर परत दाखवा म्हणा. मग सायलेन्सरचे स्क्रू काढून आत पिस्टनकडे टॉर्च मारा, उभे ओरखडे दिसले तर तो सौदा सोडा. पिस्टन गुळगुळीत असेल तर चालू करून दहा मिनिटं चालवा, बंद करा, पाच मिनिटांनी परत चालू करा, बरीच दमलेली मशीनं इथेच अडतात. आयडलवर, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, चेन अजिबात फिरता कामा नये. बारचं टोक एखाद्या फिकट पुठ्ठ्यासमोर थोडं लांब धरून रेस द्या, पुठ्ठ्यावर ऑईलची बारीक रेघ उमटली पाहिजे, नाही उमटली तर ऑईल पंप किंवा त्याचं भोक तुंबलंय. कम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचं मीटर, असेल तर १५० पीएसआयच्या आसपास चांगलं, ११० च्या खाली असेल तर नको.

नवीन मशीन आणलंत तर पहिल्या दिवशी पातळ लाकडावरच चालवा, आणि दोन-चार काप झाले की इंजिन बंद करून, चेन थंड होऊ देऊन तिचा ताण बघा, नवी चेन सुरुवातीला पटकन सैल पडते. बारच्या मधोमध खालून ओढली की थोडी यावी पण खालचे दाते खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत, आणि सोडल्यावर लगेच परत बसावी, शिवाय हातमोजा घालून ओढली तर सहज फिरावी. पेट्रोल भरताना दर वेळी चेन ऑईलही, म्हणजे चेनच्या वंगणाचं वेगळ्या टाकीतलं तेल, भरा.